सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर



आजचे भाषण नुसते ऐकून भागणार नाही. जवळ पाटी असेल तर पाटी घ्या, वही असेल तर वही. काहीच नसेल तर अंगणातली धूळ आणि एक काटकी पुरे. घरात चौथी-पाचवीतले पोर असेल तर त्याला हाक मारा आणि शेजारी बसवा. वजाबाक्या त्याने करायच्या, ताळा तुम्ही बघायचा. आपल्याला बोलायचे आहे ते एकाच संख्येविषयी. ती संख्या म्हणजे ६१७४, सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर.

आता चार अंकी कोणतीही एक संख्या मनात धरा. जन्माचे साल घ्या, गाडीचा नंबर घ्या, सातबाऱ्यावरचा गट नंबर चार अंकी असेल तर तो घ्या. अट एकच. चारही अंक एकसारखे नकोत. म्हणजे २२२२ किंवा ७७७७ चालणार नाही. धरलीत संख्या? मग तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने मांडा. तेच अंक उलट, लहानाकडून मोठ्याकडे मांडा. मोठीतून धाकटी वजा करा. जे उत्तर येईल त्याचे अंक पुन्हा तसेच मांडा, पुन्हा वजाबाकी करा. असे करीत जा.

मी उदाहरणादाखल १९६० घेतो. महाराष्ट्र राज्य झाले ते साल, सगळ्यांच्या ध्यानात असते. उतरता क्रम ९६१०, चढता क्रम ०१६९.

९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

सात वजाबाक्या झाल्या आणि आपण ६१७४ ला येऊन पोहोचलो. आता पुढे जाऊन बघा. ६१७४ चे अंक उतरते मांडले की ७६४१, चढते मांडले की १४६७. वजाबाकी करा. उत्तर पुन्हा ६१७४! आता कितीही वेळा करा, संख्या जागची हलत नाही.

तुमच्या पाटीवरची संख्या वेगळी होती, शेजाऱ्याची आणखी वेगळी. पण प्रत्येकाला फार तर सात वजाबाक्यांत याच मुक्कामी यावे लागते. कोणाला एकच वजाबाकी पुरते. १३५७ घेऊन बघा: ७५३१ वजा १३५७, झाले ६१७४. कोणाला पुरत्या सात लागतात. अशा सात वजाबाक्या लागणाऱ्या चार अंकी संख्या १९८० आहेत. म्हणजे साधारण दर साडेचार संख्यांत एक.

एक सूचना मात्र पाळा, नाहीतर घोटाळा होईल. मध्येच तीन अंकी उत्तर आले तर त्याच्यापुढे शून्य लावून चार घरे भरलेली ठेवायची. १००० घेतले तर पहिल्याच वजाबाकीत उत्तर येते ९९९. पोर म्हणेल, "गुरुजी, सगळे अंक सारखे झाले, आता ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य!" तसे नाही. ते ०९९९ लिहायचे. मग ९९९० वजा ०९९९, उत्तर ८९९१. पुढे ८०८२, पुढे ८५३२, आणि मग आलेच ६१७४. शून्याला काही किंमत नसते असे आपण बोलता बोलता म्हणून जातो, पण जागा अडवून धरण्याचे त्याचे काम किती मोलाचे आहे ते इथे मुलांना डोळ्यांनी दिसते.

संख्येचा हा गुण कोणी शोधला? हा शोध आपल्याच मुलखातला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. घरात आकडेमोड चाले ती पत्रिकांसाठी. मुलाने त्यातले भविष्य सोडले आणि आकडे तेवढे उचलले. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी घेतली आणि त्यानंतर ते देवळालीत शिकवू लागले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत. पदवीच्या पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही, हाताशी मोठे ग्रंथालय नाही. शाळा सुटल्यावर आकडेमोड करायची, सापडेल ते लहान लहान पुस्तिका काढून छापायचे, कोणी बोलावले तर शाळा-कॉलेजांतून त्यावर बोलायचे, असा त्यांचा क्रम.

६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. पुढे तो अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात छापून आला. इकडे मात्र कित्येक विद्वानांनी त्यांच्या कामाला नाके मुरडली. हे कसले गणित, ही तर पोरांची करमणूक, असा सूर असे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. निवृत्तीला त्या वेळी तेरा वर्षे होऊन गेली होती, आणि पेन्शन पुरेना म्हणून मास्तर शिकवण्या करीत होते. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला सगळीकडे कापरेकर स्थिरांक म्हणतात.

विद्वानांचा आक्षेप काय होता तेही समजून घेऊ, कारण तो अगदी पोकळ नव्हता. ते म्हणत, हा गुण त्या संख्येचा नव्हेच, आपण ती ज्या पद्धतीने लिहितो त्या पद्धतीचा आहे. आपण दहा-दहाचे गठ्ठे करून मोजतो, म्हणून ६१७४. आपल्याला बारा बोटे असती आणि बारा-बाराने मोजीत असतो तर हा मुक्काम हललाच असता. हे म्हणणे खरे आहे. पण म्हणून हे गणित नव्हे असे कसे? आपली सारी पोरे पहिलीपासून एकक, दशक, शतक, सहस्र याच घरांत वावरतात. त्या घरांची रचना काय आहे, अंक एका घरातून दुसऱ्या घरात नेला की काय घडते, हे जाणणे म्हणजेच तर अंकगणित. माझ्या मते देवळालीच्या मास्तरांचा शोध विद्यापीठापेक्षा शाळेच्या जास्त कामाचा आहे, आणि शाळेनेच तो अजून पुरता उचललेला नाही.

आता शिक्षकबंधू-भगिनींसाठी मुख्य गोष्ट सांगतो. वर्गात हा खेळ करून दाखवायचा, मुलांनी तोंडात बोटे घालायची आणि आपण "बघा, आकड्यांची जादू!" म्हणून पुढच्या धड्याकडे वळायचे, असे कृपा करून करू नका. जादू म्हटली की पोराचा प्रश्न तिथेच मरतो. उद्या तेच पोर या संख्येला शुभ म्हणून दुकानाच्या पाटीवर रंगवील, नाहीतर गाडीला हाच नंबर मिळावा म्हणून पैसे मोजील. मुलगा "असे का होते?" म्हणून विचारील, तेव्हा त्याला उत्तर मिळाले पाहिजे. आणि उत्तर आहे, पाचवी-सहावीच्या मुलाला कळेल असे आहे.

असे समजा की चार अंक म्हणजे चार भाऊ आहेत. सर्वांत मोठा तो थोरला, मग दुसरा, मग तिसरा, आणि सर्वांत लहान तो धाकटा. उतरत्या क्रमात थोरला सहस्राच्या घरात बसतो, चढत्या क्रमात तोच एककाच्या घरात जातो. म्हणजे मांडताना त्याची किंमत हजारपट धरली आणि वजा करताना एकपट काढून घेतली. शिल्लक राहिली ९९९ पट. धाकट्याचे बरोबर उलट. त्याला दिले एकपट आणि काढून घेतले हजारपट. तो ९९९ पटीने देणे लागतो. दुसरा भाऊ शतकाच्या घरातून दशकात जातो, त्याचे शिल्लक ९० पट. तिसरा तेवढेच ९० पट देणे लागतो.

म्हणून वजाबाकीचे उत्तर काढायला चार अंक लागतच नाहीत. दोन अंतरे पुरतात. थोरला आणि धाकटा यांतले अंतर, त्याला गुणायचे ९९९ ने. दुसरा आणि तिसरा यांतले अंतर, त्याला गुणायचे ९० ने. दोन्हींची बेरीज केली की उत्तर. १९६० मध्ये ९ आणि ० यांत अंतर ९, ६ आणि १ यांत अंतर ५. नऊ वेळा ९९९ म्हणजे ८९९१, पाच वेळा ९० म्हणजे ४५०. बेरीज ९४४१. वर पाटीवर तेच आले होते ना?

मग अशा जोड्या किती होतील ते मोजू. बाहेरचे अंतर १ पासून ९ पर्यंत काहीही असेल. ते शून्य असणार नाही, कारण चारही अंक सारखे नकोत अशी आपली अट आहे. आतले दोघे भाऊ बाहेरच्या दोघांच्या मधे बसलेले, तेव्हा आतले अंतर बाहेरच्यापेक्षा मोठे होऊ शकत नाही. बाहेरचे १ असेल तर आतले ० किंवा १, म्हणजे दोन जोड्या. बाहेरचे २ असेल तर तीन जोड्या. असे करीत बाहेरचे ९ असेल तर दहा जोड्या. दोन अधिक तीन अधिक चार, असे दहापर्यंत मिळवा. बेरीज ५४.

चार अंकी संख्या, सारख्या अंकांच्या नऊ वगळून, ८९९१ आहेत. एवढी मोठी जत्रा, पण पहिल्या वजाबाकीनंतर तिला बाहेर पडायला अवघे ५४ दरवाजे आहेत. त्यांतही काही जोडीचे आहेत. १०८९ आणि ९०८१ ही दोन उत्तरे वेगळी दिसतात, पण अंक तेच, म्हणून पुढची वजाबाकीही एकच. असे जुळे काढून टाकले की उरतात फक्त ३०. या तिसांची पुढची वाट तपासली की साऱ्या ८९९१ संख्या तपासल्यासारखे झाले. वर्गात तीस मुले असतील तर प्रत्येकी एक वाटून द्या. एका तासात फळ्यावर पूर्ण सिद्धता उभी राहील, आणि ती मुलांनी स्वतः केलेली असेल. तिसांतले एकही ६१७४ वाचून दुसरीकडे जात नाही, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसेल.

आणि ६१७४ जागच्या जागी का राहते? ७, ६, ४, १ हे चार भाऊ. थोरला ७, धाकटा १, अंतर ६. आतले ६ आणि ४, अंतर २. सहा वेळा ९९९ म्हणजे ५९९४. दोन वेळा ९० म्हणजे १८०. मिळवा: ६१७४. त्या अंतरांतून तेच अंक पुन्हा जन्मतात. याहून सुंदर, एका ओळीत संपणारी सिद्धता असती तर मला आवडले असते. पण तिसांची तपासणी हीसुद्धा सिद्धताच आहे, आणि मुलांच्या आवाक्यातली आहे.

गुरुजींच्या मनात एक व्यवहारी शंका येईल. चाळीस मुले, प्रत्येकाची संख्या वेगळी, प्रत्येकाच्या सात वजाबाक्या, त्या तपासायच्या कोणी? कोणी म्हणेल, शेवटी ६१७४ आले म्हणजे बरोबर. हे म्हणणे फसवे आहे. मुलाचा मध्येच हातचा चुकला आणि ७१७३ च्या जागी ७२७३ आले, तरी तीही चार अंकी संख्याच. पुढच्या वजाबाक्या नीट केल्या तर तीही ६१७४ लाच जाते. म्हणजे ही वाट चुकलेल्यालाही घरी आणून सोडते. शेवटचे उत्तर बघून मुलाची परीक्षा होत नाही.

त्यासाठी मधल्या उत्तरांकडे बघा. प्रत्येक उत्तरात पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज १० यायला हवी आणि मधल्या दोहोंची ८. ९४४१ मध्ये ९ आणि १ दहा, ४ आणि ४ आठ. ३०८७ मध्ये ३ आणि ७ दहा, ० आणि ८ आठ. याला अपवाद एकच. आतले अंतर शून्य असेल तर मधले दोन्ही अंक ९ येतात आणि कडेच्या दोहोंची बेरीज ९ होते, जसे ७९९२. मघाचे ७२७३ घेतले तर मधले २ आणि ७ मिळून नऊ होतात, चूक लगेच पकडली जाते. बाकांमधून फिरता फिरता नुसत्या नजरेने गुरुजींना वह्या तपासता येतील. मुलांना हा ताळा आधी सांगू नका. आठवड्याने त्यांनाच सापडतो का बघा.

या प्रत्येक उत्तरातल्या चारही अंकांची बेरीज १८ किंवा २७ येते, म्हणजे ते नवाने नि:शेष भागले जाते. ९९९ आणि ९० या दोघांनाही नऊ भाग जातो, म्हणून असे होते. ही गोष्ट नुसती शाळेपुरती नाही. सोसायटीचे हिशेब लिहिणाऱ्यांना, दुकानदारांना हा ताळा उपयोगी आहे. रोजकीर्द आणि शिल्लक जुळत नाही, फरक येतो ६३ रुपयांचा. फरक नवाने भागला जात असेल, तर आधी कुठे अंकांची अदलाबदल झाली आहे का ते बघावे. १८१ च्या जागी कोणी ११८ लिहिले असेल. दर वेळी हेच कारण असेल असे नाही, पण शोध इथून सुरू केला तर रात्रीचा दिवा लवकर मालवता येतो.

आता ६१७४ चे दोन गुण असे सांगतो, की ज्यांना विद्वानांचाही आक्षेप नसावा. तिच्या अंकांची बेरीज १८. आणि १८, १८ चा वर्ग ३२४, १८ चा घन ५८३२, या तिघांची बेरीज करा. येते ६१७४! अठरा, अठराचा वर्ग आणि अठराचा घन मिळून ती होते, हे तुम्ही दहाने मोजा की बाराने, खरेच राहते. दुसरे, ६१७४ ला १८ ने भागा. भाग बरोबर ३४३ वेळा जातो, आणि ३४३ म्हणजे सातांचा घन. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनीच नाव दिले आहे हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आणखी एका जातीच्या संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. २१ मध्ये तिचे अंक २ आणि १ मिळवा, २४ येतात. तेव्हा २१ ही २४ ची जननी. पण २० ला अशी जननीच नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. अशा आईवाचूनच्या संख्यांना ते देवळाली संख्या म्हणत. ३१ आणि ४२ याही तशाच.

तिसरी-चौथीच्या मुलांना चार अंकी वजाबाकी जड जात असेल तर तीन अंकांनी सुरुवात करा. ३५२ घ्या: ५३२ वजा २३५ म्हणजे २९७, पुढे ६९३, पुढे ५९४, पुढे ४९५. इथे मुक्काम ४९५ चा. मधला अंक दर वेळी ९ का येतो, हे भावांच्या हिशेबाने मुलांकडून काढून घ्या. तिथे फक्त बाहेरचे एकच अंतर असते आणि गुणायचे असते ९९ ने.

दोन अंकांत मात्र विसावा नाही. ५२ घेतले तर २७, मग ४५, मग ०९, मग ८१, मग ६३, आणि पुन्हा २७. घाण्याचा बैल फिरावा तशा त्या पाच संख्या फिरत राहतात. आणि पाच अंकांतही असा एकच मुक्काम सापडत नाही. ५३९५५ घेऊन बघा: ९५५५३ वजा ३५५५९ म्हणजे ५९९९४, आणि त्यातून पुन्हा ५३९५५. दोघी एकमेकींच्या घरी ये-जा करीत राहतात. पाच अंकांत असे तीन फेरे आहेत. हा एक मी सांगितला. उरलेल्या दोहोंमध्ये चार-चार संख्या आहेत. ते शोधण्याचे काम सातवी-आठवीच्या मुलांवर सोपवा. एक रविवार पुरेल.